संगणक आणला, पण किल्ली कुणाकडे?

आमच्या घरी संगणक आला तो २०२३ च्या दसऱ्याला. दाराला झेंडूचं तोरण, पाटावर मुलाची वह्या-पुस्तकं, ह्यांचा पाना-पक्कड आणि शेजारी नवाकोरा लॅपटॉप. मी हळदीकुंकवाची कुयरी घेऊन पुढे झाले, तशी मुलगा ओरडला, "आई, कीबोर्डात कुंकू जाईल!" मग झाकण मिटून, वर नुसतं बोट टेकवून पूजा आटोपली.

घेताना आम्ही काय बघितलं? किंमत, रंग आणि सोबत फुकट मिळणारी बॅग. साडी घेताना पदर उलगडून, काठ उजेडात धरून बघणारी मी, अठ्ठेचाळीस हजारांच्या वस्तूचा एक कागदसुद्धा वाचला नाही. दुकानात सणाची गर्दी होती. तिथल्या मुलाने "काकू, सगळं चालू करून देतो" म्हटलं, भराभर बटणं दाबली आणि दहा मिनिटांत यंत्र माझ्या हाती दिलं. त्या दहा मिनिटांत त्याने काय केलं, ते पुढे सात महिन्यांनी कळलं.

आमचा बारा जणींचा बचत गट आहे. हिशोब माझ्याकडे. कोणी किती भरले, कोणी शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलं, कोणाचा हप्ता थकला, हे आधी मी लाल वहीत लिहीत असे. संगणक आल्यावर मोठ्या तोऱ्यात वही बंद केली. आणि २०२४ च्या मे महिन्यात एका सकाळी बटण दाबलं तर पडदा काळाच. चार्जर बदलून पाहिला, अर्धा तास बटण दाबत बसले. काही नाही. महिनाअखेरीला बँकेत गटाचे कागद द्यायचे होते.

दुकानदार म्हणाले, "ताई, आम्ही फक्त विकतो. तुम्ही कंपनीत जा." कंपनीचं सेंटर आमच्या सांगलीत नव्हतंच, ते कोल्हापूरला. खोक्यावर तर 'घरपोच सेवा' असं लिहिलेलं! फोन केला तेव्हा उलगडा झाला, की घरपोच सेवा गावाच्या पिनकोडवर ठरते आणि आमचा पिनकोड त्यांच्या यादीत नाही. हे विकत घेण्याआधी एका फोनवर कळलं असतं. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: बिघडलं तर माणूस घरी येणार, की आपण यंत्र घेऊन जायचं, आणि जायचं तर कुठे?

त्यात आणखी एक गंमत. कंपनीच्या नोंदीत आमची वॉरंटी जुलैपासूनच सुरू झालेली! म्हणजे यंत्र कंपनीतून दुकानात आलं तेव्हापासून. आम्ही विकत घेतलं ऑक्टोबरात. बिलाचा फोटो पाठवला, तेव्हा तारीख दुरुस्त झाली. बिल मिळालं ते ह्यांच्या विम्याच्या फायलीत, नशीब माझं. बिलावर यंत्राचा सीरियल नंबर लिहिलेला हवा, नाहीतर ते बिल ह्याच यंत्राचं हे सिद्ध कसं करणार? दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी यंत्राच्या पाठीवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर ताडून बघा. गॅसचं सिलिंडर घेताना सील बघतो ना, तसंच.

कोल्हापूरला यंत्र दिलं त्या दिवशी मात्र मला माझी मावशी आठवली. मुंबईत १९७५ मध्ये ग्राहक पंचायत सुरू झाली, तिच्या एका संघात मावशी होती. महिन्याचं सामान आलं की सगळ्याजणी मिळून वाटून घ्यायच्या, आणि मावशी प्रत्येक पुडा स्वतः वजन करून घ्यायची. "विश्वास आहे म्हणूनच मोजते," असं म्हणायची. मी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, पावतीवर लिही: बाहेरून तडा नाही, डाग नाही, ओल नाही, चार्जर सोबत दिला. तिने कंटाळून का होईना, लिहिलं. त्याच पावतीचा फोटो मी मोबाइलमध्ये काढून ठेवला.

चार दिवसांनी फोन. "मॅडम, आत पाणी गेलंय. वॉरंटीत बसत नाही. बोर्ड बदलायचा तर एकोणीस हजार."

माझ्या पोटात गोळा आला. कारण पाणी, पडणं-झडणं हे वॉरंटीत धरत नाहीत, ते खरंच आहे. त्यासाठी वेगळं अपघाती संरक्षण घ्यावं लागतं. पण आमच्याकडे पाणी सांडलंच नव्हतं. ह्यांनी तर मान खाली घालून विचारलं, "द्यायचे का पैसे?" मी म्हटलं, थांबा. सेंटरला लिहून कळवलं: आत पाणी कुठे दिसलं त्याचे फोटो पाठवा, आणि वॉरंटी का नाकारता ते लेखी द्या. फोटो येईनात. आज साहेब नाहीत, उद्या बघतो, हेच चालू. फोनवरचं बोलणं हवेत जातं, म्हणून प्रत्येक वेळी तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव मी बंद केलेल्या त्या लाल वहीत लिहू लागले.

आठव्या दिवशी १९१५ हा नंबर फिरवला. ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीतही बोलता येतं. बिलाचा तपशील आणि पावतीवरचा मजकूर सांगितला. तक्रारीचा क्रमांक मोबाइलवर आला. ही हेल्पलाइन काही निकाल देत नाही, कंपनीकडे तक्रार पोचवून उत्तर मागवते, इतकंच. पण तेवढ्यानेही पुष्कळदा काम होतं. दहा दिवसांत कंपनीचा फोन आला, बोर्ड फुकट बदलून देतो म्हणाले. पाण्याचं नाव कुणी पुन्हा काढलं नाही.

झालं नसतं तर? तर जिल्हा ग्राहक आयोग होताच. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात आपल्यासारखीच्या सोयीच्या गोष्टी आहेत. कंपनी कुठलीही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल तर शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवं. आणि 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी कितीही ठळक लावली, तरी सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

आता खरी गोष्ट. यंत्र घरी आलं, बटण दाबलं, पडदा उजळला. मी देवापुढे साखर ठेवली. आणि पाहते तर निळ्या पडद्यावर प्रश्न: रिकव्हरी किल्ली टाका. अठ्ठेचाळीस आकडे!

सेंटरला फोन केला. तिकडून शांतपणे उत्तर आलं, "मॅडम, आतल्या माहितीची जबाबदारी आमची नसते. किल्ली नसेल तर सगळं पुसून नव्याने चालू करू." पावतीच्या मागे बारीक अक्षरांत तसं छापलेलं होतंही. मी आपली पुढची बाजूच वाचलेली!

प्रकार असा असतो. आताच्या विंडोजच्या पुष्कळ लॅपटॉपवर आतली माहिती आपोआप कुलूपबंद होते. यंत्र चोरीला गेलं तरी आपले फोटो, बँकेचे कागद दुसऱ्याला वाचता येऊ नयेत म्हणून. सोय चांगलीच आहे. पण मुख्य बोर्ड बदलला की कुलपाला वाटतं, हे घर वेगळं. आणि ते किल्ली मागतं. ही किल्ली, यंत्र पहिल्यांदा चालू करताना जे मायक्रोसॉफ्टचं खातं उघडतात, त्या खात्यात ठेवलेली असते. आणि आमचं खातं दसऱ्याच्या गर्दीत त्या मुलाने स्वतःच्याच कुठल्या तरी ई-मेलवर उघडलेलं! म्हणजे आमच्या घराची किल्ली सात महिने दुकानात.

त्या रात्री झोप लागली नाही. बारा जणींचे पैसे. काहींच्या पुस्तकात नोंद होती, काहींच्या नव्हती. कोण काय म्हणेल, आणि मी काय दाखवणार?

सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन उभी राहिले. मुलगा बिचारा ओशाळला. त्याने वही काढली, तीन ई-मेल उघडून पाहिले, तिसऱ्यात आमच्या यंत्राचं नाव निघालं. मी घरी पळत आले, त्याने फोनवर आकडे सांगितले, मी वाण्याच्या यादीच्या मागे पेन्सिलीने उतरवले, सहा-सहाचे आठ गट. मुलाने टाइप केले. हिशोब जसाच्या तसा उघडला. तो मुलगा एव्हाना नोकरी सोडून गेला असता तर?

त्याच दिवशी खातं माझ्या नावावर केलं. किल्ली कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवली. शिवाय दर एक तारखेला हिशोब पेनड्राइव्हवर उतरवते, आणि लाल वही पुन्हा सुरू केली आहे. ह्यांना हसू येतं, येऊ दे.

दुरुस्तीला देताना यंत्र चालू होत असेल, तर आधी घरचे फोटो दुसरीकडे उतरवून तिथले पुसा, मेल आणि बँक यांतून बाहेर पडा. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देऊ नका. गरज पडली तर समोर बसून आपल्या हाताने टाका. सुटे भाग जुळवून संगणक करून घेणार असाल तर प्रत्येक भागाची वॉरंटी निराळी असते. बिलावर प्रत्येक भाग आणि त्याची मुदत वेगवेगळी लिहून घ्या, आणि बिघडल्यास कंपन्यांकडे कोण खेटे घालणार हे दुकानदाराकडून लेखी घ्या. बॅटरीला बहुधा वर्षच. कुणी जुनं यंत्र स्वस्तात देत असेल तर त्यावर विंडोज ११ चालतं का विचारा. विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली.

परवा इचलकरंजीहून धाकट्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, घेतला हो लॅपटॉप! सगळं दुकानातच चालू करून दिलं."

"खातं कुणाच्या नावावर उघडलं?"

पलीकडे क्षणभर शांतता. "अय्या, ते त्या मुलानेच काहीतरी..."

"मग आज संध्याकाळी दुकानात जा," मी म्हटलं, "आणि बिलही सोबत ने."