पहिला विषारी साप कोणता पाळावा? गैरसमज आणि वस्तुस्थिती

१ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसीच्या, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या कामाला ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये सुरुवात झाली. कारखान्यांमागोमाग वस्त्या आल्या. किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर अशी घरं वाढत येऊरच्या डोंगराच्या दिशेने सरकली. डोंगरापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे आणि अलीकडे बंद गाळे, भंगाराचे ढीग, नाले, कचरा. कचऱ्यावर उंदीर-घुशी येतात आणि त्यांच्या मागावर साप. त्यामुळे ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत पावसाळा लागला की सर्पमित्रांचे फोन वाजू लागतात.

त्यांना साप पकडताना बघून, मोबाइलवरचे व्हिडिओ बघून अनेक तरुणांना सापांची ओढ लागते. ती चांगलीच आहे. पण काही जण एक पाऊल पुढे जाऊन विचारतात, ‘सुरुवातीला कोणता विषारी साप पाळायला बरा?’ याचं उत्तर आधीच देऊन टाकतो : कोणताही नाही. नवशिक्याने नाही आणि जाणत्यानेही घरात नाही. या प्रश्नामागे जे समज आहेत, ते एकेक करून तपासू.

गैरसमज १ : फुरसे लहान असतं, सुस्त पडून राहतं. नवशिक्याला तेच सोपं.

वस्तुस्थिती : फुरसे जेमतेम हात-दीड हात लांबीचं असतं, हे खरं. पण डिवचलं की ते अंगाचं वेटोळं करतं, खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज काढतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत चावा घेतं. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. हिरड्यांतून, लघवीतून, दंशाच्या जागेतून रक्त येत राहतं. कोकणात, विशेषतः रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात, या छोट्या सापाची दहशत पिढ्यान्‌पिढ्या आहे, ती उगीच नाही.

लहान साप म्हणजे लहान धोका, या समजाने मोठमोठ्यांना फसवलं आहे. कार्ल श्मिट हे शिकागोच्या फील्ड म्युझियममधले जगप्रसिद्ध सर्पतज्ज्ञ. सप्टेंबर १९५७ मध्ये ओळख पटवण्यासाठी त्यांच्याकडे आफ्रिकेतल्या बूमस्लँग जातीचं एक पिल्लू आलं आणि हाताळताना ते अंगठ्याला चावलं. एवढ्याशा पिल्लाने काय होणार, असं त्यांना वाटलं. उपचार न घेता ते स्वतःची लक्षणं वहीत टिपत राहिले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावले.

गैरसमज २ : मला साप बरोबर ओळखता येतात.

वस्तुस्थिती : ठाण्यात सर्वांत जास्त घोटाळा होतो तो कवड्या आणि मण्यार यांच्यात. कवड्या बिनविषारी, भिंतीवर सहज चढणारा, इमारतींमध्ये नेहमी सापडणारा. मण्यार अतिविषारी. दोघांच्याही गडद अंगावर पांढुरके पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपाशी रुंद आणि ठळक असतात व शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. शिवाय तिच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षट्कोनी खवल्यांची रांग असते. पुस्तकात हे सोपं वाटतं. रात्री, बॅटरीच्या उजेडात, कात टाकायला आलेल्या सापावर हे फरक दिसेनासे होतात.

दुसरा घोटाळा घोणशीचा. अंगावरचे ठिपके बघून ‘अजगराचं पिल्लू’ म्हणून लोक तिला हातात घेतात. कधी तिला बिनविषारी डुरक्या घोणस समजतात.

ही चूक तज्ज्ञांकडूनही होते. कॅलिफोर्नियाचे सर्पतज्ज्ञ जो स्लोविन्स्की ११ सप्टेंबर २००१ रोजी म्यानमारच्या जंगलात होते. पिशवीतला पट्टेरी साप बिनविषारी असल्याच्या समजुतीत त्यांनी हात घातला. तो मण्यारीच्या कुळातला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला.

गैरसमज ३ : सर्पमित्राचं ओळखपत्र असलं की साप घरी ठेवता येतो.

वस्तुस्थिती : अजिबात नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राणी सरकारच्या मालकीचा असतो. या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं आणि तसा प्रयत्न करणं हेही शिकारच. कायद्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून नाग, घोणस आणि अगदी बिनविषारी धामणसुद्धा वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. मण्यार आणि फुरसे यांनाही कायद्याचं संरक्षण आहे.

सर्पमित्राचं काम मर्यादित आहे. माणसांच्या वस्तीत आलेला साप सुरक्षित बाहेर काढायचा, वन विभागाला कळवायचं आणि त्याला लवकरात लवकर योग्य अधिवासात सोडायचं. डब्यात, बरणीत, माळ्यावर साप ठेवणारा माणूस सर्पमित्र राहत नाही. ‘दोन दिवस मित्रांना दाखवतो आणि सोडतो’ हेही कायद्याला मान्य नाही.

गैरसमज ४ : परदेशी साप आपल्या कायद्यात येत नाही.

वस्तुस्थिती : २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली. त्यातले प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे आणि तिचे नियम २०२४ मध्ये लागू झाले. परदेशातून गुपचूप प्राणी आणणं हा सीमाशुल्क कायद्याखालीही गुन्हा आहे.

हा धंदा आपल्यापासून फार लांब नाही. जून २०२५ च्या सुरुवातीला मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४७ विषारी साप सापडले. त्यात ४४ इंडोनेशियन पिट व्हायपर होते आणि कोळ्यासारखी शेपटी असलेले तीन दुर्मीळ शिंगवाले व्हायपर. असा साप ठाण्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये कुणाला चावला, तर डॉक्टरांच्या हाती काय आहे? भारतात बनणारं प्रतिविष या सापांसाठी तयारच केलेलं नाही.

गैरसमज ५ : दात काढले, विष काढलं की साप निर्धोक.

वस्तुस्थिती : विषदंताच्या मागे नवे दात तयार होत असतात. एक पडला किंवा उपटला, तर काही दिवसांत दुसरा त्याची जागा घेतो. विषाची ग्रंथीही रिकामी राहत नाही, ती पुन्हा भरते. काल विष काढलेला नाग आज निर्धोक आहे, असं कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. दात उपटल्याने सापाचे मात्र हाल होतात. तोंडात जखमा होऊन पू धरतो, त्याला खाता येत नाही आणि तो उपाशी मरतो. नागपंचमीला दारोदार फिरवल्या जाणाऱ्या नागांचं हेच होत असे. बत्तीस शिराळ्यातल्या जिवंत नागांच्या खेळांवर २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी आणली, ती अशाच कारणांनी.

गैरसमज ६ : हळूहळू साप माणसाळतो, मालकाला ओळखतो.

वस्तुस्थिती : कुत्र्या-मांजरासारखी जवळीक सापाच्या स्वभावात नाही. रोज हाताळलेला साप फार तर हालचालींना सरावतो. हाताला उंदराचा वास लागलेला असला किंवा तो दचकला, तर तो चावणारच. केरळचे वावा सुरेश यांनी हजारो साप पकडून जंगलात सोडले आहेत. जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमजवळ नागाला पिशवीत घालताना तो त्यांच्या मांडीला चावला आणि ते मरणाच्या दारातून परत आले. अनुभव वाढला की चुका कमी होतात, पण साप हाताळण्याचे प्रसंगही वाढतात. जीव जायला एक चूक पुरते.

गैरसमज ७ : प्रतिविष आहेच. चावला तर इंजेक्शन घेऊ.

वस्तुस्थिती : हा समज सर्वांत महागात पडतो. प्रतिविष घोड्यांना विषाच्या अल्प मात्रा टोचून, त्यांच्या रक्तातून मिळवलं जातं. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने या कामात मोठी कामगिरी केली आहे आणि ठाणे जिल्ह्यात अंबरनाथलाही प्रतिविषाचं उत्पादन झालं आहे. त्यासाठी लागणारं विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींची सहकारी संस्था पुरवते. १९७८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था परवान्याने साप पकडते, काही आठवडे ठेवून विष काढते आणि पुन्हा रानात सोडते.

हे औषध अमूल्य आहे, पण त्याच्या मर्यादा जाणून घ्या. ते फक्त चार सापांवर चालतं : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. येऊरच्या जंगलात आढळणारा हिरवा चापडा या चौघांत नाही. सापाचं विष प्रदेशानुसार बदलतं, त्यामुळे एकाच औषधाचा गुण सगळीकडे सारखा येत नाही. उपचार साधारणपणे दहा कुप्यांनी सुरू होतो आणि आणखीही लागू शकतात. काहींना प्रतिविषाचीच तीव्र ॲलर्जी येते, म्हणून ते रुग्णालयातच द्यावं लागतं. फ्रीजमध्ये दोन कुप्या ठेवून कुणी सुरक्षित होत नाही.

मुख्य म्हणजे झालेलं नुकसान प्रतिविष भरून काढत नाही. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडं निकामी झाली तर डायलिसिस करावं लागतं. नागाच्या दंशाने सडलेली बोटं कापावी लागू शकतात. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडले तर रुग्ण कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर राहतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुतेक शेतात राबणारी, जमिनीवर झोपणारी गरीब माणसं. सरकारी दवाखान्यातलं प्रतिविष आधी त्यांच्यासाठी आहे.

गैरसमज ८ : धोका माझा आहे, दुसऱ्याला काय त्रास?

वस्तुस्थिती : चाळीतल्या खोलीत किंवा पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये धोका एकट्याचा राहत नाही. डब्याचं झाकण नीट बसलं नाही, तर मण्यार दाराखालच्या फटीतून शेजारच्या घरात जाते. ती रात्री फिरते. तिचा चावा पुष्कळदा दुखतही नाही आणि झोपेतल्या माणसाला तो कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या मिटू लागतात आणि घरच्यांना कारण समजत नाही. साप पाळल्याचं लपवलेलं असलं, तर डॉक्टरांनाही दिशा सापडत नाही.

गैरसमज ९ : कंटाळा आला तर येऊरला सोडून देऊ.

वस्तुस्थिती : सापाचा स्वतःचा इलाका असतो. बिळं, पाणी, भक्ष्य, शत्रू यांची त्याला माहिती असते. अनोळखी जागी सोडलेला साप आसऱ्यासाठी भटकतो, रस्त्यावर चिरडला जातो किंवा पुन्हा वस्तीत शिरतो. डब्यात महिनोन्‌महिने राहिलेल्या सापाला रोग जडलेले असतील, तर ते जंगलातल्या सापांतही पसरतात. परदेशी साप सोडणं तर त्याहून घातक. साप कुठे आणि कधी सोडायचा, हे वन विभागानेच ठरवावं.

गैरसमज १० : परदेशात तर कुणीही विषारी साप पाळतं.

वस्तुस्थिती : ब्रिटनमध्ये १९७६ पासून धोकादायक वन्य प्राण्यांसाठी परवाना लागतो. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात विषारी सापाचा परवाना हवा असेल, तर किमान वर्षभरात मिळून एक हजार तासांचा प्रत्यक्ष अनुभव दाखवावा लागतो. जिथे परवानगी आहे, तिथेही नवशिक्याला दार बंदच आहे.

मग सापांची आवड असेल तर काय करावं?

खूप काही करता येईल. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये उभं राहिलेलं कात्रजचं सर्पोद्यान बघा. तिथे साप काचेआड शांतपणे निरखता येतात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) निसर्गअभ्यासाचे उपक्रम आहेत, त्यांत नाव घाला. येऊरला जाणत्या अभ्यासकांबरोबर, वन विभागाच्या परवानगीने फिरा. दिसलेल्या सापाचा दुरून फोटो घ्या, तारीख आणि जागा लिहून ठेवा. अशा नोंदींतूनच शास्त्र पुढे जातं. कवड्या आणि मण्यार यांतला फरक आपल्या सोसायटीतल्या मुलांना शिकवा. कचरा उचलला जावा, गाळ्यांत उंदीर होऊ नयेत, रात्री बाहेर पडताना बॅटरी हातात असावी, यासाठी वस्तीत काम करा. त्याने माणसंही वाचतील आणि सापही.

साप दिसला तर वन विभागाच्या १९२६ या मोफत क्रमांकावर कळवा आणि तोवर दुरून नजर ठेवा. कुणाला चावलाच तर घट्ट आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. साप पकडण्याच्या फंदातही पडू नका. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा, चावलेला अवयव स्थिर ठेवा, १०८ वर फोन करा आणि प्रतिविष असलेल्या जवळच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचा.

आणि तुमचा एखादा मित्र घरात विषारी साप ठेवत असेल, तर त्याचे व्हिडिओ पुढे पाठवू नका. त्याच्याशी बोला, त्याला साप वन विभागाच्या हवाली करायला लावा. त्याचा जीव वाचण्याचा मार्ग तोच आहे.