नवीन गाडीचा बझर: काय बदलायचं, काय नाही



नवीन पिकअप, ट्रक घेतला की बझर सारखा वाजतो. कुणीतरी सांगतं, "वायरच तोडून टाका." तसं करू नका.

✅ *बदलता येतं:* काही गाड्यांत बझरचा आवाज, सर्व्हिसची आठवण सेटिंगमधून बदलते. गाडीचं पुस्तक बघा, नाहीतर शोरूममध्ये विचारा.

❌ *बंद करू नका:*

१) *सीटबेल्ट.* नुसतं बक्कल अडकवून बझर गप्प होतो, पण ब्रेक लागल्यावर माणूस काचेवरच आदळतो. दंडही होतो.

२) *डीईएफचा दिवा* (निळ्या झाकणाची टाकी असेल तर). ही टाकी रिकामी झाली की आधी गाडी ओढत नाही, मग नुसती रांगते. भरलेला माल रस्त्यात अडकतो.

⚠️ डीईएफमध्ये ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो, बाकी क्षार नसलेलं पाणी. म्हणून खताचा युरिया विरघळवून ओतू नका. त्यावर निंबोळी तेलाचा लेप असतो. धूर साफ करणारी यंत्रणा खराब होते, दुरुस्ती महागात पडते. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणं गुन्हा आहे.

माल भरण्याआधी डीईएफची पातळी बघा. दिवा कळत नसेल तर फोटो पाठवा.

– कृषी सल्ला विभाग