सतरा पायऱ्या

आमच्या कंपनीच्या वऱ्हाडातील शाखांत चार कर्मचारी मंडळे आहेत. एक महिलांचे, एक दिव्यांगांचे, एक मागासवर्गीयांचे आणि एक परप्रांतातून बदलून आलेल्यांचे. पगार-बोनसची बोलणी युनियन करते, ते काम या मंडळांचे नव्हे. एकाच अडचणीतून जाणाऱ्या माणसांनी एकमेकांना धरून राहावे आणि ती अडचण वरपर्यंत पोचवावी, एवढ्यासाठी ती आहेत. त्यांच्या प्रमुखांचा वर्षातून एकदा अकोल्यास मेळावा भरतो. मी जठारपेठेत राहतो आणि मला 'नाही' म्हणता येत नाही, या दोन गुणांवर मेळाव्याची व्यवस्था माझ्याकडे आली.

ही कल्पना मूळची अमेरिकेतली. १९६४ साली रॉचेस्टर शहरात वर्णभेदाच्या संतापातून दंगल उसळली. झेरॉक्स कंपनी त्याच गावची. तिचे प्रमुख जोसेफ विल्सन यांनी मग कृष्णवर्णीयांना नोकऱ्या देण्याचे मनावर घेतले, आणि १९७० साली त्या नोकरांनी कंपनीतच आपले मंडळ काढले. जिच्या नावाने आपण चौकाचौकात 'दोन झेरॉक्स द्या' म्हणतो, तिच्याकडून ही आणखी एक नक्कल आपण उचलली म्हणायची!

गेल्या वर्षी मी मोठ्या हौसेने तयारी केली. हार, शाली, नारळ, व्यासपीठावर सात खुर्च्या, मागे झगझगीत फलक. हॉल घरापासून हाकेच्या अंतरावर मिळाला. भाडे कमी, पंखे भरपूर. फक्त तो पहिल्या मजल्यावर होता. ती गोष्ट माझ्या लक्षात केव्हा आली? दिव्यांग मंडळाचे प्रमुख चाकांच्या खुर्चीतून जिन्याशी येऊन थांबले तेव्हा! जिन्याला सतरा पायऱ्या होत्या. मी त्या त्या दिवशी मोजल्या.

"काही होत नाही जी, आम्ही दोघं उचलून नेतो," हॉलचा माणूस म्हणाला.

"मले उचलू नका, भाऊ," ते शांतपणे म्हणाले. "सभा खाली येते का पाहा."

सभा खाली आली नाही. साहेबांचे भाषण सुरू झाले होते. ते दुपारपर्यंत खाली वाहनतळापाशी बसले. मी दोनदा चहा नेऊन दिला आणि दोन्ही वेळा काय बोलावे ते मला सुचले नाही. जेवणानंतर पाहतो तो ते निघून गेले होते.

घरी येऊन सौभाग्यवतींना सांगितले. त्या पोळ्या लाटीत होत्या. म्हणाल्या, "आपल्याकडे चार माणसं जेवायला येणार म्हटलं की मी आधी विचारते, तिखट चालतं का, उपास आहे का. तुम्ही यांना काय विचारलंत?"

मी काहीच विचारले नव्हते.

यंदा निमंत्रणपत्रिका छापण्याआधी मी चौघांना दूरध्वनी केला. तुम्हाला कोणता दिवस सोयीचा? यायला काय अडचण? आणि बोलायचे काय आहे? या तीन प्रश्नांनी माझी सगळी व्यवस्था उलटीपालटी झाली. महिला मंडळाच्या ताई म्हणाल्या, "रविवार नको. आठवड्यातली एकच सुटी, तीही तुमच्या शालीपायी घालवायची? कामाच्या दिवशी घ्या आणि चारला संपवा." त्या बुलढाण्याच्या. बुलढाण्याला रेल्वे नाही, सारी भिस्त एस्. टी.वर. २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले खरे, पण रात्री उशिरा उतरून घरी एकटीने जायचे भय काही अर्धे होत नाही! त्यांची दुसरी तक्रार अशी की, छळाची प्रकरणे लोक त्यांच्याच मंडळाकडे ढकलतात. वास्तविक २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे त्यासाठी निराळी अंतर्गत समिती लागते आणि तिच्यात बाहेरची एक जाणकार व्यक्तीही असावी लागते. मागासवर्गीय मंडळाच्या प्रमुखांनी एवढेच सांगितले, "दसऱ्याच्या आसपास नको, आमची मंडळी नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. आणि भाषणं थोडी कमी करा." बदलून आलेल्यांना मुलांच्या शाळेबद्दल बोलायचे होते.

दिव्यांग मंडळाच्या प्रमुखांना मी सर्वांत शेवटी फोन केला. धीरच होत नव्हता. ते म्हणाले, "हॉल पाहायला मीच येतो. तुम्ही पाहाल तर पंखेच पाहाल!"

आठवडाभर आधी ते मूर्तिजापूरहून आले. या वेळी हॉल तळमजल्याचा होता, दाराशी तीनच पायऱ्या. सुताराकडून मी सहा फुटी फळ्यांचा उतार करून घेतला होता. तो पाहून ते हसले. "ही घसरगुंडी झाली!" एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा, हे माप मला तेव्हा कळले. पायऱ्या मिळून दीड फूट भरत होत्या, म्हणजे अठरा फूट लाकूड! सुताराने डोक्याला हात लावला, पण करून दिले. मग न्हाणीघराचे दार. खुर्ची सव्वीस इंच, दार चोवीस. शेवटी शेजारच्या खोलीत, जेथे रुंद दाराचे न्हाणीघर होते, तेथील अडगळ हलवली. त्यांच्या मंडळात दोघे कर्णबधिर आहेत. खुणांची भाषा जाणणारा एक दुभाषा मी ठरवला होता. ते म्हणाले, "दोन आणा. अर्ध्या तासात हात अन् डोकं दोन्ही थकतात." खर्च वाढला. शाली आणि फलक रद्द केले, हिशेब जुळला.

मेळाव्याच्या दिवशी व्यासपीठ नव्हते, खुर्च्या गोल मांडल्या होत्या. साहेब सर्वांत शेवटी बोलायचे ठरले. पहिला विषय दिव्यांग मंडळाचा. बढतीची परीक्षा आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर घेतात आणि तेथे लिफ्ट नाही. दोन वर्षे त्यांच्या मंडळातील तिघे परीक्षेलाच बसले नव्हते. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले, पण आमचा जिना होता तेथेच होता.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" साहेबांनी विचारले.

"गेल्या वर्षी तेच सांगायला आलो होतो," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

परीक्षा तळमजल्यावर घ्यावी, असे पत्र त्याच दिवशी मुंबईच्या मुख्य कचेरीस गेले. उत्तर अजून आलेले नाही. परीक्षा फेब्रुवारीत आहे. उताराच्या अठरा फूट फळ्या मी परत केल्या नाहीत, आमच्या व्हरांड्यात उभ्या करून ठेवल्या आहेत. सौभाग्यवती दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्यावरून रोज बोलतात.