एका संगणकातील दोन घराणी

विषय तांत्रिक आहे. परंतु त्याचे एक टोक आपल्या कपाटातील जुन्या मराठी स्मरणिकांपाशी येऊन थांबते, म्हणून तो निवडला.

१९९० च्या दशकात मराठी मजकूर संगणकावर जुळवण्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम किंवा मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी अशी साधने वापरली जात. त्यांतील अक्षरांची सांकेतिक क्रमवारी आजच्या युनिकोडहून वेगळी होती; तो फाँट नसला की पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. पेडणे-डिचोलीकडील ज्या संस्थांनी आपले अहवाल तेव्हा असे जुळवले, त्यांना ते वाचण्यासाठी बहुधा विंडोजसाठी लिहिलेली जुनी ३२-बिट आज्ञावलीच चालवावी लागते. आजचा संगणक मात्र ६४-बिटचा असतो. त्यावर डेबियन ही मुक्त प्रणाली असेल, तर ‘वाइन’च्या साहाय्याने अशी आज्ञावली चालवून पाहता येते. प्रत्येक चालेलच असे नाही.

येथे अडचण प्रोसेसरची नाही. एएमडीने २००३ साली आणलेल्या ६४-बिट प्रोसेसरांपासून हे यंत्र दोन्ही भाषा जाणते. अडचण आहे लायब्रऱ्यांची, म्हणजे अनेक आज्ञावलींना लागणाऱ्या तयार भागांची. ३२-बिट आज्ञावली ६४-बिट लायब्ररी आपल्यात सामावून घेऊ शकत नाही. एकाच लायब्ररीच्या दोन प्रती ठेवाव्यात, तर दोन्ही एकाच जागेवर हक्क सांगतात. यावर पूर्वी ‘आयए३२-लिब्ज’ नावाच्या एकाच अवाढव्य पॅकेजात निवडक ३२-बिट लायब्रऱ्यांचे गाठोडे बांधलेले असे. एका लायब्ररीतील दोष काढायचा तरी सारे गाठोडे सोडून पुन्हा बांधावे लागे. मला ती सोय नेहमीच तात्पुरत्या मांडवासारखी वाटली.

मे २०१३ मध्ये आलेल्या डेबियन ७ ने ‘मल्टिआर्च’ ही व्यवस्था रूढ केली. प्रत्येक प्रोसेसर-घराण्याच्या लायब्रऱ्यांना स्वतंत्र कप्पा मिळाला. पण खरी बुद्धिमत्ता अवलंबनाच्या वर्गीकरणात आहे. आपल्याकडच्या दशावताराचे उदाहरण घ्या. नटाला अंगरखा स्वतःच्याच मापाचा हवा. पेटी मात्र एकच असली तरी सर्वांना साथ करते, पेटीवाल्याची उंची कोणी विचारीत नाही. लायब्ररी हा अंगरखा होय. तिच्यावर ‘सेम’ अशी खूण असते: दोन्ही मापांच्या प्रती शेजारी नांदतील, पण मागणाऱ्याला त्याच्याच घराण्याची मिळेल. बाहेरून काम सांगून करून घ्यावयाचे साधन ही पेटी. त्यावर ‘फॉरेन’ ही खूण, आणि ते कोणत्याही घराण्याचे चालते. पायथॉनसारखा दुभाषी कधी पेटी असतो, कधी अंगरखा; त्याच्यासाठी ‘अलाउड’ ही तिसरी खूण असून मागणाऱ्याने आपली गरज स्वतःच स्पष्ट करावयाची असते. खूणच नसेल, तर प्रणाली सावधपणे त्याच घराण्याचे पॅकेज मागते.

व्यवहारात बहुतेक घोटाळा ‘सेम’च्या एका अटीमुळे होतो. दोन्ही प्रतींची आवृत्ती तंतोतंत एकच हवी, कारण माहितीपत्रकासारख्या काही फायली त्या सामाईक वापरतात. एका घराण्याची नवी आवृत्ती आली आणि दुसऱ्याची मागे राहिली, तर अद्ययावतीकरण अडते. क्वचित ‘ॲप्ट’ हा व्यवस्थापक अट पाळण्यासाठी भलतीच पॅकेजे काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडतो. होकार देण्यापूर्वी ती यादी वाचावी. तीत डेस्कटॉपचेच नाव दिसले तर नकार द्यावा आणि मागे राहिलेली आवृत्ती येईपर्यंत थांबावे. हा विलंब बहुधा फार लांबत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट ‘आय-३८६’ घराण्यासाठी स्वतंत्र कर्नल व इन्स्टॉलर उरलेला नाही. हे घराणे आता ६४-बिट यंत्रावर पाहुणे म्हणून राहते, तेही मुख्यतः जुन्या आज्ञावलींसाठी. पाहुणचार किती वर्षे चालेल, हे त्याची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकांवर अवलंबून आहे. तोवर जुन्या स्मरणिका उघडून युनिकोडमध्ये उतरवून घेता येतील. फाँट-परिवर्तनात जोडाक्षरे आणि रफार हटकून बिघडतात. तेव्हा छापील प्रत शेजारी ठेवून मुद्रितशोधन करणारे माजी विद्यार्थी या कामाला हवे आहेत.