लसीकार्बुदाची संयुक्त चिकित्सा

लसीका कोशिकांच्या (रक्तातील पांढऱ्या कोशिकांच्या एका प्रकाराच्या) अनियंत्रित वाढीमुळे उद्‌भवणाऱ्या कर्करोगाला लसीकार्बुद म्हणतात. मध्यपटलाच्या दोन्ही बाजूंच्या लसीका ग्रंथींत अथवा अस्थिमज्जा, यकृत इत्यादींत तो पसरल्यास त्याची अवस्था प्रगत समजली जाते. अशा वेळी औषधे रक्तावाटे सर्व शरीरात पोहोचवावी लागतात.

रासायनी चिकित्सेच्या ‘चॉप’ पद्धतीत सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसीन, सदाफुलीपासून मिळणारे व्हिंक्रिस्टीन व प्रेडनिसोलोन ही औषधे बहुधा दर २१ दिवसांनी देतात. ती मुख्यत्वे जलद विभाजन पावणाऱ्या कोशिकांचा नाश करतात. परंतु निरोगी कोशिकांनाही इजा होत असल्याने मात्रा मर्यादेपलीकडे वाढविता येत नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळालेले रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड बी लसीका कोशिकांवरील सीडी-२० या प्रथिनाला चिकटते व प्रतिरक्षा तंत्राकरवी त्या कोशिका नष्ट करविते. रक्तोत्पादक मूळ कोशिकांवर हे प्रथिन नसल्यामुळे बी कोशिका कालांतराने पुन्हा निर्माण होतात.

दोन्ही उपचारांची क्रिया भिन्न असल्याने त्यांचा संयोग लाभदायक ठरतो. मोठ्या बी कोशिकांचे विसरित लसीकार्बुद झालेल्या ६० ते ८० वर्षे वयाच्या ३९९ रुग्णांवरील चाचणीत (२००२) केवळ चॉपने ६३ टक्के, तर संयोगाने ७६ टक्के रुग्णांत रोग पूर्णपणे ओसरला. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५७ व ७० टक्के होते. भारतीय बनावटीचे रिटुक्सिमॅब २००७ मध्ये उपलब्ध झाले. रोग उलटल्यास रुग्णाच्याच टी कोशिकांत जननिक बदल करून त्या परत देण्याची पद्धती आहे. त्यापूर्वीही रासायनी औषधे द्यावी लागतात. मुंबईत विकसित झालेल्या अशा ‘नेक्सकार-१९’ उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

प्रतिपिंडामुळे सुप्त यकृतशोथ-बी उफाळू शकतो. म्हणून आधी रक्ततपासणी करतात. मानेतील गाठ क्षयाची समजली जाऊन विलंब होऊ नये यासाठी जीवोतक परीक्षा आवश्यक असते.

सहा आवर्तनांस सु. चार महिने लागतात. वऱ्हाडातील अमरावती, अकोला भागांतील अनेक रुग्ण त्यासाठी नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात. दोन आवर्तनांच्या दरम्यान, पांढऱ्या कोशिका घटलेल्या असताना येणारा ताप प्राणघातक ठरू शकतो. त्यावर विनाविलंब प्रतिजैव औषधे मिळावी लागतात. त्यामुळे उपचारांची नोंद जवळ बाळगणे व ताप येताच गावानजीकचे रुग्णालय गाठणे हा या चिकित्सेचाच एक भाग होय.