आजाऱ्याची खोली आणि व्हिक्टोरियन कादंबरी

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज मध्यमवर्गीय स्त्रीच्या वाट्याला सगळे घर येत असे. स्वतःची खोली मात्र क्वचितच. त्या काळातील लेखिकांच्या नायिका वारंवार अंथरूण का धरतात, याचे एक उत्तर येथे सापडते. ताप चढला की दार लोटले जाते आणि दिवाणखान्यात जे उच्चारता येत नाही, ते आत बोलले जाते.

शार्लट ब्राँटे यांच्या 'शर्ली'मधील (१८४९) कॅरोलाइन ही पाळकाची पुतणी. तिला गव्हर्नेस व्हायचे आहे. काका नकार देतात. उरते ते शिवणकाम आणि वाट पाहणे. पुढे ती तापाने खचते, तेव्हा शुश्रूषा करणाऱ्या मिसेस प्रायर आपणच तिची आई असल्याचे सांगतात. कॅरोलाइन वाचते. हा भाग लिहिण्यापूर्वी, सप्टेंबर १८४८ ते मे १८४९ या काळात, लेखिकेने भाऊ ब्रॅनवेल आणि एमिली व अ‍ॅन या बहिणी गमावल्या होत्या. एका तरी आजाऱ्याला त्यांनी कागदावर वाचवले, असे म्हणण्याचा मोह होतो.

'जेन एअर'मध्येही (१८४७) मृत्युशय्येवरील मिसेस रीड तीन वर्षे दडवलेले पत्र जेनला देतात. परंतु त्याच कादंबरीत थॉर्नफिल्डच्या तिसऱ्या मजल्यावर बर्था मेसन आहे. तीही रुग्णच, तिच्यासाठीही पगारी बाई नेमलेली आहे. फक्त तिच्या दाराला बाहेरून कुलूप आहे आणि तिची बाजू कोणी विचारत नाही. ती मांडली गेली १९६६ साली, जीन ऱ्हिस यांच्या 'वाइड सारगासो सी'मध्ये.