शिक्षणाचा खर्च आणि प्राप्तिकर

मालवणच्या किनाऱ्यावर मुलाचें उच्च शिक्षण ही एकट्या बापाची जबाबदारी सहसा नसते. मुलगा बारावी उत्तीर्ण होऊन कोल्हापुरास अगर मुंबईस निघाला, म्हणजे मुंबईचे चाकरमानी काका फीचा एक हप्ता भरतात, आजोबा आंब्याच्या उत्पन्नांतून दुसरा भरतात, आणि उरलेल्या रकमेसाठीं बँकेचें कर्ज निघतें. ही रीत मोठ्या जिव्हाळ्याची खरी. परंतु प्राप्तिकराचा कायदा नातीं निराळ्या मापानें मोजतो. पैसे कोणीं भरले आणि कर्ज कोणाच्या नांवावर आहे, हें तो आधीं पाहतो.

अमेरिकेसारख्या देशांत महाविद्यालयीन फीबद्दल देय करांतूनच कांहीं रक्कम कमी होते. भारतांत तसें नाहीं. येथें करपात्र उत्पन्नांतून वजावट मिळते. ज्यास वीस टक्के दर लागू आहे, त्याची वजावट ५०,००० रुपयांची झाली तर कर १०,००० रुपयांनीं उतरतो; उपकरांतील बचत निराळी. ह्या वजावटी १९६१ च्या कायद्यांत ८० सी व ८० ई ह्या कलमांखालीं दिलेल्या आहेत. १ एप्रिल २०२६ पासून ज्याचा अंमल, त्या २०२५ च्या कायद्यांत कलमांचे आंकडे बदलले, तत्त्व तेंच राहिलें.

पहिली वजावट शिक्षणाच्या फीची. ती फक्त आई-बापांस, दोन मुलांपुरती, आणि भारतांतील संस्थेंतील पूर्ण वेळ शिक्षणासाठीं मिळते. देणगी, विकासनिधि, वसतिगृह व खानावळ यांचा खर्च तींत धरला जात नाहीं. भविष्यनिर्वाह निधि, आयुर्विमा इत्यादि रकमांसह एकूण मर्यादा १,५०,००० रुपये आहे. आई-बाप दोघेही कमावते असल्यास ज्यानें जी फी भरली, तिची वजावट त्यानें घ्यावी.

काकांनीं पुतण्याची फी परस्पर भरली, तर वजावट काकांसही नाहीं व बापासही नाहीं. त्यापेक्षां काकांनीं ती रक्कम भावास द्यावी आणि भावानें आपल्या खात्यांतून फी भरावी, हें बरें. सख्ख्या भावाकडून मिळालेल्या देणगीवर कर नाहीं. आजोबांची गोष्ट निराळी. बागाइतीचें शेतीउत्पन्न करमुक्तच असल्यानें, ज्यांचें दुसरें उत्पन्न नाहीं त्यांस वजावटीचा उपयोगच नसतो. मासेमारीचें उत्पन्न मात्र शेतीचें गणलें जात नाहीं.

दुसरी वजावट कर्जाच्या व्याजाची. मुद्दलाची नव्हे, पण व्याजास कमाल मर्यादा नाहीं, आणि परदेशांतील शिक्षणही चालतें. कर्ज बँकेचें, अधिसूचित वित्तसंस्थेचें वा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचें हवें. नातलगाचें किंवा सावकाराचें चालत नाहीं. कर्ज एकट्या मुलाच्या नांवावर असून व्याज बाप भरीत असेल, तर बापास कांहीं मिळत नाहीं. व्याज भरण्यास आरंभ होतो त्या वर्षापासून आठ वर्षें ही सवलत चालते. मुलगा शिकत असतांनाच थोडें थोडें व्याज भरणाऱ्या घरानें हें ध्यानीं ठेवावें. कारण त्या वर्षांपासूनच मोजणी सुरू होते.

ह्या साऱ्यास एक मोठी अट आहे. २०२३-२४ पासून नवी करपद्धति आपोआप लागू होते, आणि तींत ह्या दोन्ही वजावटी नाहींत. मात्र २०२५-२६ पासून त्याच पद्धतींत सामान्यतः १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाहीं. म्हणून दोन्ही पद्धतींनीं आंकडेमोड करून, जुनी खरोखर लाभाची ठरल्यासच ती विवरणपत्राच्या मुदतींत निवडावी.

फीची पावती व बँकेचा व्याजाचा दाखला हीं कागदपत्रें जपून ठेवावींतच. पण खरा विचार त्याच्याही आधींचा आहे. पैसे कोणाच्या हातून जावेत, हें जून महिन्यांत प्रवेशाच्या वेळींच घरांत बसून ठरविलें, तर नात्यांतील जिव्हाळाही राहतो आणि कायद्यानें देऊं केलेली सवलतही हातची जात नाहीं.